पेठचा बॉक्सर आणि रामघाटावरची एक संध्याकाळ

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. इंदूरहून ताईचा फोन आला. "त्याला थोडे दिवस तुझ्याकडे पाठवते. इथे खोलीचं दार लावून बसतो. जेवायला बोलावलं तर येतो, पण बोलत नाही. तू बघ काही जमतंय का."

'तो' म्हणजे माझा भाचा. वय वर्षं वीस. पाच वर्षं बॉक्सिंग करत होता. जिल्ह्याच्या संघात होता, राज्य स्पर्धेत दोनदा खेळून आला होता. सप्टेंबरमध्ये सराव करताना त्याच्या डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके नाचायला लागले, कडेला विजेसारख्या रेघा चमकायला लागल्या. झोप झाली नसेल म्हणून त्याने दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी ताईने डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा डोळ्याच्या पडद्याला चीर गेल्याचं कळलं. लेझरने ती बंद केली, नजर वाचली. पण डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "यापुढे डोक्याला मार बसेल असा कोणताही खेळ नाही. बॉक्सिंग तर नाहीच."

(तुमच्यापैकी कुणी असे खेळ खेळत असेल तर एवढं लक्षात ठेवा. अचानक ठिपके वाढले, डोळ्यापुढे उजेड चमकला किंवा नजरेच्या कडेला पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दोन दिवस थांबू नका.)

तो आला तो एक सॅक घेऊन. त्याच्या खोलीत एका मेक्सिकन बॉक्सरचं मोठं पोस्टर असायचं, ते मी इंदूरला गेलो की पाहायचो. साऊल आल्वारेझ. लालसर केसांमुळे त्याला सगळे 'कनेलो' म्हणतात, म्हणजे दालचिनीच्या रंगाचा. म्हणून आमची आई, म्हणजे त्याची आजी, त्याला 'दालचिनीवाला' म्हणायची. हा दालचिनीवाला १९९० सालचा, ग्वादलाहाराचा. पंधराव्या वर्षी व्यावसायिक बॉक्सर झाला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सुपर मिडलवेट वजनगटाचे चारही पट्टे एकाच वेळी कमरेला बांधणारा पहिला माणूस ठरला. हे सगळं मला भाच्यानेच कधीतरी जेवताना सांगितलेलं.

"पोस्टर आहे का अजून?" मी विचारलं.

"काढलं," तो म्हणाला. पहिल्या दिवशी आमचं बोलणं एवढंच झालं.

घाटावर

आमच्या घरी कुणी गप्प बसलं की त्याला रामघाटावर न्यायची पद्धत आहे. वडील मला न्यायचे, मी माझ्या मुलींना नेलं. राणोजी शिंद्यांच्या काळापासून मराठी माणसं उज्जैनला आहेत. महाकाळाच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी केला, हे आपल्या मंडळात लहानपणापासून ऐकायला मिळतं. आमचं घराणं एवढं मोठं नाही. पण क्षिप्रेच्या या पायऱ्या आम्हालाही घरच्या ओट्यासारख्याच वाटतात. मी इथेच पोहायला शिकलो. पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधून वडिलांनी मला पाण्यात सोडलं होतं, आणि मी समोरच्या दत्त आखाड्याच्या घाटाकडे बघत हातपाय मारत होतो. तो किनारा तेव्हा परदेशाइतका लांब वाटायचा.

त्या संध्याकाळी आरतीला अजून तासभर होता. यात्रेकरू दिवे सोडत होते. आठ-दहा वर्षांची दोन-तीन मुलं पायरीवरून उड्या मारत होती आणि एक म्हातारबुवा त्यांच्यावर ओरडत होते. आम्ही दोघं खालून चौथ्या-पाचव्या पायरीवर बसलो.

मी म्हणालो, "सगळं ठीक होईल रे."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, प्लीज. तू तरी हे म्हणू नकोस. गेले दोन महिने प्रत्येक माणूस हेच म्हणतोय. काय ठीक होणार? मी परत रिंगमध्ये जाणार आहे का?"

मी गप्प बसलो. त्याचं बरोबर होतं. आपण मोठी माणसं 'ठीक होईल' म्हणतो ते बहुतेक वेळा स्वतःच्या समाधानासाठी. समोरच्याचं दुःख आपल्याला बघवत नाही, म्हणून आपण त्यावर झाकण ठेवतो.

थोड्या वेळाने मी विचारलं, "मुरलीकांत पेटकर माहीत आहेत?"

"चंदू चॅम्पियन. कार्तिक आर्यनचा पिक्चर. बघितलाय."

"पिक्चर सोड. ते बॉक्सर होते, हे लक्षात आहे?"

"हो. पण नंतर स्विमर झाले ना."

"त्या 'नंतर'बद्दलच बोलायचंय," मी म्हणालो.

गावच्या तालमीतून सैन्यात

मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा. कृष्णा-वारणेचा हा भाग. इथे मुलगा चालायला लागला की लाल मातीत उतरतो. पेठपासून फार लांब नसलेल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पेटकर तेव्हा सात वर्षांचे होते. अशा मुलखात वाढलेल्या मुलाचं पहिलं प्रेम कुस्तीवर असणार, यात नवल नाही.

पुढे ते सैन्यात गेले. सैन्याच्या वाहनांची आणि यंत्रांची देखभाल करणाऱ्या ईएमई या दलात ते जवान होते. सैन्यात खेळाला मान असतो, रोजचा सराव असतो आणि पोटभर खाणं असतं. तिथे कुस्तीच्या या मुलाच्या हातात बॉक्सिंगचे ग्लोव्हज आले. १९६४ मध्ये टोकियोत वेगवेगळ्या देशांच्या सैन्यदलांच्या क्रीडास्पर्धा झाल्या, तिथे तो भारताकडून रिंगमध्ये उतरला. वय एकोणीस. पेठहून टोकियो!

"म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान," भाचा म्हणाला. तो आता ऐकत होता.

मग १९६५ चं युद्ध आलं. पेटकर सियालकोट आघाडीवर होते. शत्रूच्या हल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात जी अडकली, ती काढताच आली नाही. कमरेखालचं शरीर निकामी झालं.

"तेव्हा ते वीस वर्षांचे होते," मी म्हणालो.

तो काहीच बोलला नाही. मग त्याने जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"मामा, बॉक्सर म्हणून त्यांचं पुढे काय झालं?"

"संपलं," मी म्हणालो. "बॉक्सर पेटकर १९६५ मध्येच संपले. पुन्हा कधी रिंगमध्ये उभे राहिले नाहीत. राहताच येणार नव्हतं."

एक गोष्ट सांगतो. हे 'संपलं' ऐकल्यावर त्याचे खांदे सैल पडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यासमोर तो शब्द उच्चारला होता. इतके दिवस तो एकटाच मनात ते वजन घेऊन फिरत होता, आणि आम्ही सगळे ते वजन नाहीच असं भासवत होतो.

पायांशिवाय

मग तोच मला शिकवायला लागला. पायरीवर उभा राहिला. "हे बघ, पंच हातातून येतो असं लोकांना वाटतं. येत नाही. तो मागच्या पायाच्या चवड्यातून सुरू होतो. चवडा वळतो, मग गुडघा, मग कंबर, मग खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी. पाय नसेल तर पंच नुसता धक्का होतो." आणि त्याने हवेत एक उजवा हात मारून दाखवला. पाण्यात उड्या मारणारी मुलं थांबून बघायला लागली.

म्हणजे बघा, युद्धाने पेटकरांचं नेमकं काय नेलं. बॉक्सरची ताकद जिथून सुरू होते, तेच नेलं.

जखमी झाल्यावर ते लांबलचक काळ रुग्णालयात होते. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात त्यांना उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरवलं गेलं. पदकासाठी नाही, शरीर हलतं राहावं म्हणून. याच्यामागे एक साधं कारण आहे. जमिनीवर निकामी पाय म्हणजे ओझं. पाण्यात ते ओझं पाणी उचलतं. खाटेवर ज्याला कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागतो, तो पाण्यात स्वतःचा स्वतः सरकू शकतो.

इंग्लंडमध्ये लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरांनी कण्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना खेळाचं मोल ओळखलं होतं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात सोळा रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. आज ज्याला आपण पॅरालिंपिक म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे. १९६० मध्ये रोमला पहिलं पॅरालिंपिक झालं.

पण पेटकर पाण्यात उतरले आणि लगेच विजेते झाले, असं झालेलं नाही. हीच गोष्ट मला भाच्याला सांगायची होती. पिक्चरमध्ये अडीच तासांत सगळं होतं. खऱ्या आयुष्यात १९६५ ते १९७२ अशी सात वर्षं गेली. ती सात वर्षं त्या माणसाने एकच खेळ धरून बसण्यात घालवली नाहीत. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकला भारताचा संघ पहिल्यांदा गेला, त्यात पेटकर होते. कोणत्या खेळात? टेबल टेनिसमध्ये! पहिली फेरी पार केली, पदक मिळालं नाही. १९७० मध्ये एडिंबरोला राष्ट्रकुल देशांच्या अपंग खेळाडूंच्या स्पर्धा झाल्या. तिथे ५० मीटर पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य. म्हणजे हातांनी जे जे करता येईल ते ते हा माणूस करून बघत होता.

परदेशी जाण्याचा खर्चही कमी नव्हता. भारतीय क्रिकेट संघाचे माजी खेळाडू विजय मर्चंट यांच्या संस्थेने त्यांना पैशाची मदत केली. एका क्रिकेटपटूने एका जखमी जवानाला पोहायला परदेशी पाठवलं, ही आपल्या मुंबईची मला फार आवडणारी गोष्ट आहे.

३७.३३

१९७२ चं ऑलिंपिक म्युनिकला होतं. पण तिथलं क्रीडाग्राम स्पर्धेनंतर खाजगी घरांसाठी द्यायचं ठरलं होतं, म्हणून पॅरालिंपिक म्युनिकला न होता हायडलबर्ग या गावी, ऑगस्टच्या सुरुवातीला, ऑलिंपिकच्या आधी झालं.

तिथे पेटकर भालाफेकीत उतरले, चाकाच्या खुर्चीच्या अडथळ्यांच्या शर्यतीत उतरले आणि पोहायलाही उतरले. त्या वेळी कण्याला कुठे इजा झाली आहे यावरून खेळाडूंचे गट पाडत. त्यांच्या गटात ५० मीटर फ्रीस्टाइल पोहायला त्यांना ३७.३३ सेकंद लागले. तो जागतिक विक्रम होता आणि ते सुवर्णपदक होतं. पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं पदक ते हेच. ऑलिंपिकमध्ये भारताला वैयक्तिक सुवर्ण मिळायला २००८ उजाडलं, अभिनव बिंद्राचं. पॅरालिंपिकमध्येही पुढचं सुवर्ण मिळालं ते थेट २००४ मध्ये, देवेंद्र झाझरियाच्या भालाफेकीत. म्हणजे बत्तीस वर्षं पेठचा हा माणूस एकटाच उभा होता. उभा म्हणजे, तुम्हाला कळलं.

भाच्याने मोबाइल काढला. "थांब, बघू दे किती होतात." त्याने घड्याळ लावलं आणि पाण्यात पोहणाऱ्या एका पोराकडे बघत राहिला. पोरगं जोरात पाय मारत, पाणी उडवत चाललं होतं. आरतीच्या तयारीची घंटा मध्येच वाजली. भाच्याने बटण दाबलं. "सदतीस झाले."

पोरगं निम्मंसुद्धा पन्नास मीटर गेलं नव्हतं. आणि त्याला दोन पाय होते.

"पाय न मारता पोहून बघितलंयस कधी?" मी विचारलं. मी बघितलंय, लहानपणी पैज लावून. पाय मारले नाहीत की ते बुडायला लागतात. मग शरीर आडवं राहत नाही, तिरकं होतं आणि पाणी छातीवर दाबतं. जणू मागून कुणीतरी ओढतंय. ते ओढणं दोन खांद्यांनी ओढून न्यायचं. दर सेकंदाला एक मीटर आणि वर तिसरा हिस्सा.

"खांदे तर बॉक्सरचेच होते," भाचा म्हणाला.

मला हे सुचलं नव्हतं. कुस्तीची मान, बॉक्सरचे खांदे, आणि एकेका फेरीत दम राखून ठेवायची सवय. बॉक्सर संपला होता, पण बॉक्सरने कमावलेलं शरीर आणि शिस्त कण्यातल्या गोळीने नेली नव्हती. मी 'संपलं' म्हणालो ते खरं होतं. तो म्हणाला तेही खरं होतं.

उशिरा आलेलं पत्र

इथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. हायडलबर्गहून परत आल्यावर पेटकरांच्या नावाने देश दुमदुमला नाही. त्यांनी पुण्याला टेल्कोत नोकरी केली, संसार केला, वर्षानुवर्षं कामावर जाऊन घर चालवलं. त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी प्रयत्न केला, तो मिळाला नाही. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, पदकानंतर सेहेचाळीस वर्षांनी. पिक्चर आला जून २०२४ मध्ये. आणि अर्जुन पुरस्कार, जीवनगौरव म्हणून, त्यांच्या हातात पडला जानेवारी २०२५ मध्ये. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. सत्ताविसाव्या वर्षी केलेल्या कामाची पावती ऐंशीव्या वर्षी!

"मग एवढी वर्षं ते काय करत होते?" भाच्याने विचारलं.

"जगत होते," मी म्हणालो. "कुणी टाळ्या वाजवत नसतानाही."

तुमच्या पिढीला हे सांगावंसं वाटतं, कारण तुमच्याकडे सगळं ताबडतोब दिसतं. कुणाला किती लाइक आले ते मिनिटात कळतं. दालचिनीवाल्याचे चार पट्टे सगळ्या जगाने त्याच रात्री पाहिले. त्यात वाईट काही नाही, त्याने ते पंधराव्या वर्षापासून मार खाऊन मिळवले. पण पेठच्या बॉक्सरचे ३७.३३ सेकंद अर्धं शतक एका घरात, एका पेटीत पडून होते. ते त्यामुळे छत्तीस झाले नाहीत की अडतीस झाले नाहीत.

आरती सुरू झाली. दिव्यांचे झाड हलायला लागले, धुरात समोरचा दत्त आखाडा दिसेनासा झाला. आम्ही दोघं उठून उभे राहिलो. त्याने हात जोडले की नाही ते मी बघितलं नाही. घरी जाताना मात्र त्याने आजीला फोन करून विचारलं, "आजी, दालचिनीचं पोस्टर कुठे ठेवलंयस?" तिने ते फेकलं नव्हतं. गुंडाळी करून कपाटावर ठेवलं होतं.

आता

या गोष्टीला तीन महिने झाले. तो पोहायला लागलेला नाही. मी सुचवलंही नाही. पेटकरांची गोष्ट ऐकून पोहायला लागायचं असतं, असा तिचा अर्थ नाहीच.

तो कॉलेजला जातोय. रविवारी सकाळी त्याच्या जुन्या बॉक्सिंग हॉलमध्ये जातो. पहिल्यांदा गेला त्या दिवशी पायरीवरूनच परत आला, असं ताईने सांगितलं. दुसऱ्या रविवारी आत गेला. आता लहान मुलांच्या हातांना पट्ट्या बांधून देतो, आणि सरावाच्या लढतीत घड्याळ घेऊन बसतो. तीन मिनिटं झाली की घंटा वाजवतो. पुढे काय करायचं हे अजून त्याचं ठरलेलं नाही. फिजिओथेरपीचं काहीतरी बोलत होता, नंतर ते सोडून दुसरंच बोलायला लागला. मी विचारत नाही. पेटकरांनाही टेबल टेनिस, भाला, गोळा असं करत पाण्यापर्यंत यायला सात वर्षं लागली होती.

ताई मात्र फोनवर म्हणाली, "दार उघडं ठेवून झोपतो आता."

आपल्या मंडळातल्या प्रत्येक घरात असं एखादं मूल असतं. कुणाची परीक्षा हुकलेली असते, कुणाचा गुडघा गेलेला असतो, कुणाला आवडीचं शिक्षण सोडावं लागलेलं असतं. त्याला 'ठीक होईल' म्हणण्याची घाई करू नका. आधी त्याच्या शेजारी बसा. जे संपलं ते संपलं म्हणा. मग त्याला विचारा, की एवढी वर्षं जे कमावलंस त्यातलं काय काय अजून तुझ्यापाशी आहे. उत्तर लगेच येणार नाही. तोवर शेजारी बसून राहायचं. आणि उज्जैनला आलात तर रामघाटावर या. जागा भरपूर आहे.